पिठाच्या हातांनी उचलायचा फोन

आबा जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा आई मला म्हणाली, "मला नवा फोन घ्यायचाय."

मी माहेरी आले होते. हातातला चहा तसाच राहिला, कारण आईनं जन्मात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला साडी नेली तरी "हायेत की ट्रंकेत ढीगभर" म्हणून ती माझ्यावरच करवादणार. शेजारची चुलती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं भुवया अशा वर केल्या की सगळं कळलं. नवरा गेला आणि हिला नव्या फोनची हौस. मला चुलतीचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा आईचाही आला. चारचौघांत बोलायची काही गरज होती का?

"जुन्याला काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई झालं. मला तो नकोय."

जुना फोन भांड्यांच्या फळीवर पालथा ठेवलेला होता. मी तो उचलला. बंद होता. बटणांच्या फटींत वाळलेलं पीठ बसलेलं होतं. मी तो पुन्हा होता तसा पालथा ठेवला आणि म्हणाले, "घेऊ. रविवारी नारायणगावला जाऊ."

आमच्या घरातल्या फोनची गोष्ट सांगितल्याशिवाय आईचं मागणं कुणाला कळायचं नाही. आमच्या घरात फोन बोलायला नव्हताच. मिसकॉल द्यायला होता. कधीकाळी बोलण्याला मिनिटामिनिटाला पैसे पडायचे, तेव्हा आबांनी ही पद्धत बसवली. विहीर घरापासून लांब, मधे ऊस, आणि आमच्या जुन्नरकडं उसात बिबट्या बसलेला असणं हे काही नवल नाही. त्यामुळं माणूस विहिरीवर पोचला की नाही, हे घरी कळायलाच हवं. एक रिंग म्हणजे पोचलो, मोटर चालू केली. दोन रिंगा म्हणजे निघालोय, चहा टाक. तीन म्हणजे कुणाला तरी पाठव, हाताखाली माणूस लागतंय. फोन वाजायला लागला की आई हातातलं काम न सोडता रिंगा मोजायची आणि त्याप्रमाणे वागायची. फोन उचलायचा नाही हा घरातला कडक नियम होता. कॉलेजात असताना मी एकदा हौसेनं उचलला, तर आई पळत आली. "उचललास? गेला ना आता त्यांचा बॅलन्स!" पलीकडून आबा म्हणाले, "ठेव," आणि संपलं.

पुढं कितीही बोला, पैसे तेवढेच, असा रिचार्ज आला. भावानं आई-आबा दोघांच्या फोनवर तोच मारला. पण सवय काही गेली नाही. आबा मुळातच कमी बोलणारे, त्यांना तर मिसकॉल ही पर्वणीच झाली होती. लग्न होऊन मी कळंबला आले, घोडेगावच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हापासून रोज संध्याकाळी मला आबांची एक रिंग यायची. दिवस बरा गेला, जनावरं बांधली, घरात आहोत, असा तिचा अर्थ. माझे यजमान म्हणायचे, "तुझे वडील फोनवरसुद्धा मिसकॉलच बोलतात." मीही उलटी एक रिंग द्यायचे. तेवढ्यावर बापलेकीचं कितीतरी वर्षं नीट चाललं होतं.

एकदा श्रावणात दोघं भीमाशंकरला गेले. वर रेंज नाही. संध्याकाळ झाली, अंधारून आलं, रिंग आली नाही. मी यजमानांना मोटारसायकल काढायला लावली होती, ते पायात चपला घालत असतानाच फोन एकदा वाजून थांबला. एसटी घाट उतरून घोडेगावला आली होती, रेंज आली आणि आबांनी पहिलं काम ते केलं. यजमान चपला काढून पुन्हा जेवायला बसले.

आबा गेले ते थंडीत. त्या आठवड्यात शेतीपंपांना दिवसाची लाईट होती म्हणून ते सकाळी कांद्याला पाणी द्यायला गेले. पोचल्याची रिंग आली. आई भाकरी करायला बसली. मग फोन पुन्हा वाजायला लागला. आईचे हात पिठात होते. ती नेहमीसारखी मोजायला लागली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या आणि फोन थांबेना. शेवटपर्यंत वाजून बंद पडला. पूर्ण वाजण्याला आमच्यात काही अर्थच नव्हता. तिला वाटलं, खिशात बटण दाबलं गेलं असेल. तसं अधूनमधून व्हायचं. फोन आणखी एकदा तसाच पूर्ण वाजला. या खेपेला आईनं पिठाच्या हातानं तो उचलून बघितला, घ्यायचं हिरवं बटण दाबलं नाही, आणि आबांनाच दोन शब्द ऐकवून खाली ठेवला. "फोन कुटं ठिवत्यात, ध्यानच नसतं ह्यांचं." मग भाकऱ्या उरकून, कालवण बांधून ती नेहमीच्या वेळेला निघाली. आबा मोटरच्या पेटीला टेकून बसलेले होते. मोटर चालू होती आणि पाणी वाफ्यातून फुटून रस्त्यावर आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी जवळ असतं तरी हाती काही लागलं नसतं. भावानं आईला ते पुनःपुन्हा समजावलं. मीही समजावलं. आई ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. आम्हाला वाटायचं तिला पटलं. दहाव्याच्या दिवशी घाटावरून आल्यावर ती माझ्याजवळ एवढंच बोलली, "वाचलं नसतं ते, कळतंय मला. पर त्यांना काय सांगायचं व्हतं?"

ज्या माणसानं आयुष्यभर फोन कट करूनच सगळं सांगितलं, त्याला त्या दिवशी बायकोनं तो उचलावा असं वाटलं होतं. बोलायचं होतं त्यांना. ते काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि आईच्या मनात तर दुसरं काही नव्हतंच.

रविवारी आम्ही नारायणगावला गेलो. दुकान एका मारवाडी शेठचं. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथं कापड मिळायचं, माझ्या लग्नाचा बस्ता तिथलाच. आता कपाटांत फोन आणि कव्हरं. शेठनी आईला ओळखलं, आबांचं कळल्याचं सांगितलं. मग ते धंद्याला लागले. भाऊ चाकणहून व्हिडिओ कॉलवर होता. त्याला आईसाठी मोठ्या स्क्रीनचा फोन घ्यायचा होता, म्हणजे नातवंडं दिसतील, भजनं लागतील. शेठनी तसलेच चार-पाच काउंटरवर मांडले.

"मावशी, याचा कॅमेरा बघा. फुलावरची माशीसुद्धा दिसते."

"माशी बघून मी काय करू?" आई म्हणाली. "वाजवून दावा."

शेठनी वाजवून दाखवला. घ्यायचा म्हणजे बोट खालून वर सरकवायचं. आईनं सरकवलं. तिचं बोट भेगाळलेलं, वाळलेलं, फोनला ते कळेचना. पुन्हा सरकवलं तर कट झाला. तिसऱ्यांदाही तेच झालं. माझ्या हातातल्या फोनमधून भाऊ ओरडून शिकवत होता, "आई, वर, वर! खाली नको!" मला त्याचा फोन बंद करावासा वाटत होता. आईनं हात पदराला पुसले आणि शेठना विचारलं,

"पिठाच्या हातानं उचलता येतो का ह्यो?"

शेठ हसले. "मावशी, हात धुवायचा, पुसायचा, मग निवांत उचलायचा. फोन कुठं पळून जातोय?"

"तेवढा टाईम नसतो, शेठ," आई म्हणाली.

शेठना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण मला तिथं उभं राहवेना. मी दाराशी आले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टोमॅटोच्या पिकअपगाड्या बघत राहिले. डोळे पुसून परत गेले तेव्हा भावानंही बोलणं थांबवलं होतं. त्यालाही कळलं असावं. तो हळूच म्हणाला, "ताई, तिला पाहिजे तो घे," आणि त्यानं फोन ठेवला.

मग बटणाचे फोन निघाले. आईनं एकेक हातात घेतला आणि भाजीवाल्याकडं वांगी बघावीत तसा निरखला. हिरवं बटण केवढं आहे, अंगठ्याला न बघता सापडतं का, वाजतो किती मोठ्यानं. रंग विचारला नाही, गॅरंटी विचारली नाही. शेठचा माणूस प्रत्येक फोनवर रिंग देत होता आणि आई प्रत्येक वेळी उचलून "हां" म्हणत होती. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक गमतीनं म्हणालं, "आजी, फोन घेताय का परीक्षा घेताय?" आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी तिनं जे विचारलं, त्यासाठीच ती आली होती, हे मला तेव्हा कळलं.

"शेठ, आपोआप उचलला जाणारा फोन असतो का?"

"म्हंजे?"

"म्हंजे मी परसात हाये, गोठ्यात हाये, हात गुंतलंय. कुणी फोन लावला. तर त्यानं स्वोताच उचलायचा. आन त्यो मानूस काय बोलतोय ते मला लांबून ऐकू यायला पायजे."

शेठ गंभीर झाले. तसं सेटिंग असतं म्हणाले, पण पुष्कळ फोनांत ते हेडफोन लावला तरच चालतं. त्यांनी एकामागून एक डबे उघडले. मधे गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी थांबवून ठेवलं. एका साध्या, काळ्या, जाड फोनमध्ये ते सापडलं. माणसानं रिंग दिली. फोन वाजला, थोडा वेळ वाजत राहिला आणि मग कुणी हात न लावता त्यातून त्या माणसाचा आवाज मोठ्यानं दुकानभर आला, "हॅलो, हॅलो."

आई दचकली. मग म्हणाली, "लगेच न्हाई उचलत?"

"चार-दोन सेकंद घेतो, मावशी. त्याहून कमी त्यात नाही होत."

आईनं थोडा विचार केला. "चालंल," म्हणाली. "हाच द्या."

भावाला सेटिंगचं कळल्यावर त्यानं मला संध्याकाळी फोन करून झापलं. कुणीही लावेल आणि घरातलं सगळं ऐकेल, अशानं फसवणूक होते, तुला शिकलेलीला कळत नाही का? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणाले, "आपल्या घरात ऐकण्यासारखं आहे काय? कोंबड्या आणि हिंदी मालिका." तो म्हणाला, "ताई, तसं नाही ते." मला माहीत होतं तसं नाही ते. पण आईच्या हातून तो फोन काढून घ्यायची हिंमत त्याच्यात नव्हती आणि माझ्यात तर नव्हतीच.

सुरुवातीला गमती झाल्या. कर्ज देणारी कुणी बाई फोनवर आली, आई गोठ्यात होती, ती बाई रिकाम्या स्वयंपाकघराला बराच वेळ व्याजदर समजावून सांगत बसली. एकदा चुलतीनंच फोन लावला. तेव्हा आई चुलतीबद्दलच मांजराशी काहीबाही बोलत होती. ते सगळं चुलतीनं ऐकलं आणि दोन दिवस ती ओट्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती शेंगांची पाटी घेऊनच. आईनं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं तिला सूप दिलं.

मी लावला की मलाही घर ऐकू यायचं. भांडं पडल्याचा आवाज, कोंबड्यांचा कालवा, आईच्या पायांची चाहूल. पण हे फार दिवस चाललं नाही. आईनं जुन्या खणाची पिशवी शिवली, फोन त्यात घालून गळ्यात अडकवला आणि मग फोनला स्वतः उचलायची वेळच येईना. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिचं "हां, उचलला, बोल" यायचं. हात ओला असो, पिठाचा असो, शेणाचा असो. मी म्हणायचे, "अगं, सावकाश. तो घेतोय की आपोआप." ती म्हणायची, "त्याला टाईम लागतो."

ती फोनवर आता बोलतेही. पावसापाण्याचं, कांद्याच्या भावाचं, कुणाच्या सुनेचं. आबांच्या वेळेला कधी बोलली नाही इतकी बोलते. मी संध्याकाळी नुसती एक रिंग दिलेली तिला चालत नाही. दिलीच, तर उलटा फोन येतो, "काय झालं? कट का केलास?"

आबांचा फोन मात्र तिनं बंद करू दिला नाही. भाऊ म्हणाला, सिम परत करून टाकू. आई म्हणाली, राहू दे. फोटोखालच्या फळीवर तो ठेवलेला असतो आणि ती तो चार्जिंगला लावत असते. मला वाटायचं, माणसाचं काहीतरी चालू राहावं म्हणून तसं करत असेल. मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मी दोन दिवस राहायला गेले होते. उन्हं कलली होती. कांदा काढून रान मोकळं झालं होतं. आई परातीत पीठ घेऊन बसली आणि म्हणाली, "पोरी, एक काम करशील?"

"काय?"

"त्यांचा फोन घे. हिरीवर जा. आन तिथून मला लाव."

मी तिच्याकडं बघितलं. ती पिठाकडं बघत होती.

"आई, कशाला गं?"

"लाव म्हणते ना."

मी फळीवरून आबांचा फोन घेतला आणि निघाले. वाटेवर चुलती भेटली, कुठं निघालीस म्हणाली, मी जरा विहिरीवर जाऊन येते म्हणाले. मोटरच्या पेटीपाशी जिथं आबा बसले होते, तिथं बसायचं धाडस मला झालं नाही. मी जरा अलीकडं, काठावर उभी राहिले. आबांच्या फोनमध्ये दोनच नंबर वर होते, एक तिचा आणि एक माझा. बटणांवरचे आकडे त्यांच्या अंगठ्यानं पुसून गेलेले. तिच्या नंबरावर थांबून मी हिरवं बटण दाबलं.

एक रिंगही पुरी झाली नाही.

"हां," आई म्हणाली. "उचलला. बोला."

मला वाटलं होतं, ती "लागला गं" म्हणेल आणि मी "हो" म्हणेन. पण ती "बोल" म्हणाली नव्हती, "बोला" म्हणाली होती. मी काय बोलणार होते? जे बोलायचं होतं ते मला तरी कुठं माहीत होतं?

"ऐकतीये मी," ती म्हणाली. "बोला."

वारा होता. खाली विहिरीत पारवे घुमत होते, ते तिला ऐकू जात असावेत. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं ती पुन्हा बोलली, हळू आवाजात. "भाकरी टाकीत व्हते ओ. हात पिठाचं व्हतं. मला वाटलं, खिशात दाबला गेला."

मी रडत होते आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला होता. फोन ठेवावा असं मनात आलं, पण आबांचा फोन कायम आबाच कट करायचे. त्यावरचं लाल बटण दाबायला माझा अंगठा धजेना. तीही ठेवत नव्हती. अशी आम्ही दोघी किती वेळ होतो, मला सांगता येणार नाही.

मग पलीकडं परात सरकवल्याचा आवाज आला.

"या मग," आई म्हणाली. "चहा टाकते."

मी फोन कट केला आणि घराकडं निघाले.